पंचवीसशे वीस आणि लाभ

आमच्या जावळीच्या खोऱ्यात खळ्यावर धान्य मापायला बसलं, की पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हणजे एकटा, आणि एकट्याने रास वाढत नाही, असं जुनी माणसं सांगत. मापणारा पहिली पायली उचलतो, आभाळाकडे बघतो आणि लाभ म्हणतो. मग बाकीचे आकडे मेंढरांसारखे त्याच्यामागून चालू लागतात.

हा एक शब्द घेऊन आमच्या गावचे कोंडीराम उतेकर मुंबईला गेले. दुसरं काही न्यायला नव्हतंच. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या पलीकडे नारळाची एक वखार होती, तिथे त्यांना मोजणीचं काम मिळालं. दक्षिणेतून मालट्रक भरून नारळ येत. दोन हमाल समोरासमोर उभे राहत, दोन नारळ डाव्या हातात, तीन उजव्यात, आणि पाच-पाचाने ढिगावर टाकत. कोंडीमामा बाजूला पाटावर बसून आकडा पुकारत. लाभ! दोन! तीन! वीस पुकारे झाले की शंभर भरले, मग खुणेचा एक नारळ वेगळा काढून ठेवायचा आणि परत लाभ. आवाज असा, की पुलावरून जाणारा माणूस मान वळवून बघे. वखारीतले हमाल उत्तरेचे होते, त्यांना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. ते मामांनाच ‘लाभचाचा’ म्हणत.

पुढे नारळ गोणीत मोजूनच यायला लागले. मग वखारही उठली. मामांचा गळा तेवढा उरला. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, नायगावच्या बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, ती सोडायच्या दिवशी सकाळी. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते नारळांचं नव्हतं, फुटाण्यांचं होतं.

मामांची बायको रखमा. ती घाटाखालची, पोलादपुराकडची. श्रावणातल्या शुक्रवारी ती जिवतीची पूजा करी. जिवतीचा कागद भिंतीला चिकटवायचा, आघाड्याची माळ घालायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि पोराला पाटावर बसवून ओवाळायचं. पोर एकच, राजेश. मग शेवटच्या शुक्रवारी शेजारणींना बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, साखर घातलेलं दूध द्यायचं आणि ओटीत फुटाणे घालायचे. मामांच्या बाजूला ओळीने दहा खोल्या होत्या. कधी सहा बाया येत, कधी नऊ. जिने उंबरा ओलांडून जिवतीसमोर बूड टेकलं, तिला वाटा. जी बाहेरूनच हात पुढे करील, तिला नाही. हा रखमाचा नियम, आणि तो तिने कधी मोडला नाही.

भांडण झालं ते मुठीवरून. रखमा मूठभरून फुटाणे घाली. कोपऱ्यातल्या खोलीतली शेवंती, जिभेने तिखट, एका श्रावणात सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘रखमाच्या मुठीला बाई माणूस कळतं हो. कुणाला मूठ उघडी, कुणाला मिटलेली.’’

रखमा तेव्हा हसली, पण रात्री तिने भाकरी खाल्ली नाही. मामांना म्हणाली, ‘‘अवो, तुमी हजारांनी नारळ मोजताव. माजे फुटाणे का मोजत न्हाई?’’

‘‘मोजतो की. किती बाया येनार ते सांग.’’

‘‘त्ये मला काय ठाव? येतील त्या माज्या.’’

तिथे कोंडीमामांना घोर लागला. किती वाटेकरी येणार ते माहीत नाही, आणि वाटे मात्र सारखे पडले पाहिजेत. सहा आल्या तरी, सात आल्या तरी, दहाच्या दहा आल्या तरी. असा आकडा असतो का? शाळा चौथीपर्यंत झालेली. पण माणूस रोज आकड्यांच्या संगतीत बसलेला. रे रोडवरून घरी चालत येताना ते मनात बाया बसवू लागले.

दोघी आल्या तर दोन फुटाणे तरी हवेत. तिसरी आली, आता सहा. चौथी आली, आता बारा. पाचवी आली, बारा पंचे साठ. सहावी बाई गुणी निघाली. तिला वेगळं काही लागलं नाही, ती साठात आपोआप बसली. सातवी मात्र कुणाच्यात बसेना. तिच्यापायी सगळं सातपट करावं लागलं, चारशे वीस.

‘‘चारशे वीस?’’ रखमा म्हणाली. ‘‘त्यो आकडा घरात नको.’’

‘‘अगं थांब, अजून आठवी यायचीय.’’

आठवीसाठी दुप्पट केली, आठशे चाळीस. नववीसाठी तिप्पट, पंचवीसशे वीस. आणि दहावी परत गुणी, ती फुकटात बसली. मामा नायगावच्या नाक्यावर उभे राहून एकटेच हसले. एकापासून दहापर्यंत कुणीही या, कितीही या, पंचवीसशे वीस कुणाला परत पाठवत नाही. ह्याच्याहून लहान असा दुसरा आकडा नाही. मामा म्हणत, माणसांत असतात तसे आकड्यांतही असतात. काही हट्टी, काही मिळून-मिसळून राहणारे. हा आकडा म्हणजे चाळीतला असा माणूस, की ज्याचं कुणाशी वाकडं नाही.

त्या श्रावणात शेवटच्या शुक्रवारी दुपारपासून मामा फुटाणे मोजत बसले. नारळ मोजायची सवय, इथे पाच-पाच नाही, एकेक, पण गळा तोच. चाळीतली पोरं दारात गोळा झाली. बायांनी पदराआड हसून घेतलं. पण वाटे पडले. सहा जणी आल्या होत्या, प्रत्येकीला बरोबर चारशे वीस.

शेवंती म्हणाली, ‘‘कोंडीमामा, आम्ही काय ठक वाटलो होय, चारशे वीस दिले?’’

सगळ्या हसल्या. आणि मग मामांचं लक्ष परातीकडे गेलं. परातीत एक फुटाणा उरला होता.

मामांची आयुष्यात मोजणी चुकली नव्हती. पुढल्या वर्षी नऊ जणी आल्या, दोनशे ऐंशीचा वाटा पडला आणि परत एक उरला. त्याच्या पुढल्या वर्षी आठ, तीनशे पंधरा, आणि परत एक. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पहिला फुटाणा परातीत टाकायचा मान रखमाचा. ती लाभ म्हणून एक टाकी आणि परात त्यांच्याकडे सरकवी. मामा दोनपासून पुढे मोजायचे. पण रखमा लाभ म्हटल्यावर आणखी एक टाकून हळूच ‘एक’ म्हणे, मगच परात सरकवी. त्या घाईत तो दुसरा फुटाणा मामांना कधी दिसलाच नव्हता.

‘‘लाभ म्हणजेच एक!’’ मामा ओरडले. ‘‘लाभ टाकल्यावर एक कशाला म्हणतीस?’’

‘‘आमच्याकडं लाभ मोजत न्हाईत. लाभ द्येवाचा. मग एक.’’

‘‘देवाचा कसा? खळ्यावर पहिली पायली काय देव घेऊन जातो?’’

‘‘तुमच्या घाटावर न्हेत नसंल. आमच्याकडं लाभ हिशेबाभाईर.’’

घाटाच्या वर लाभ हिशेबात, घाटाच्या खाली हिशेबाबाहेर. हे भांडण त्या दोघांत जन्मभर राहिलं, आणि भांडण म्हणजे काय, तर त्यांच्या संसाराला ते मीठ होतं. रखमाने आपली रीत सोडली नाही. मामांनी मान्य केलं नाही, पण फुटाणे मात्र दरवर्षी पंचवीसशे एकवीस होत राहिले. आणि पंचवीसशे एकवीसची गंमत अशी, की दोघींत वाटा, पाचांत वाटा, दहांत वाटा, एक उरतोच. मामा त्याला बाकी म्हणत, रखमा लाभ म्हणे. तो उरलेला फुटाणा ती राजेशच्या तोंडात घाली.

राजेश लहानपणी द्वाड. एका वर्षी त्याने वाटपाच्या आधीच हात मारला. आपला लाभ तर खाल्लाच, वर आणखी एक खाल्ला. आणि नेमक्या त्या वर्षी एका खोलीत पाहुणी आलेली नणंद धरून अकरा बाया आल्या. मामांना घाम फुटला. अकरावी बाई पंचवीसशे विसात बसत नाही. तिला सामावायचं तर सत्तावीस हजार सातशे वीस फुटाणे लागतात. मामांनी ते आधीच काढून ठेवलं होतं, आणि रखमाला म्हणालेही होते, ‘‘अकरावी आली तर तिला दुधावर भागव.’’

‘‘ती हाये ना, बसलीय समोर,’’ रखमा कुजबुजली. ‘‘वाटा.’’

मामांनी डोळे मिटून वाटे घातले. दोनशे एकोणतीस, दोनशे एकोणतीस, दोनशे एकोणतीस. अकराव्या बाईची ओटी भरली तेव्हा परात चाटून पुसून रिकामी. एक कमी नाही, एक जास्त नाही. मामा परातीकडे बघत राहिले. राजेशने खाल्लेले दोन वजा केले तर पंचवीसशे एकोणीस, आणि पंचवीसशे एकोणीसला दोनापासून दहापर्यंत कुणाचाच भाग जात नाही, जातो तो नेमका अकराचा. त्या पोराने चोरी करून हिशेब जुळवला होता.

‘‘चोराच्या हाताला यश हाये,’’ रखमा म्हणाली आणि तिने पोराला जवळ ओढलं.

मामा ही गोष्ट सांगताना हसले. त्यांच्या तोंडात तेव्हा पुढचे दोनच दात होते. मग हसू ओसरलं. त्या श्रावणात रखमाच्या हातून राजेशच्या तोंडात लाभ घालायचा राहून गेला होता, आणि ते त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मोठा झाल्यावर राजेश सुरतेला कामाला गेला. भरतकामाच्या यंत्रावर. पहिली दोन वर्षं शेजारच्या दुकानात त्याचा फोन येई. मग नंबर बदलला, मग जागा बदलली, मग काही नाही. मामा सुरतेला जाऊन आले. कारखाना होता, माणसं दुसरी होती. रागावून गेला म्हणावं तर राग झाला नव्हता. मेला म्हणावं तर खबर नव्हती. असं माणूस हरवलं की रडायलाही मुहूर्त मिळत नाही.

पोरं जवळ नसली, की जिवतीला ओवाळून चारी दिशांना अक्षता टाकायची रीत आहे. जिथे असतील तिथे त्या पोचतात म्हणतात. रखमा चारही दिशांना टाकी, उत्तरेला थोड्या जास्त. आणि उरलेला लाभ एका वाटीत घालून जिवतीपुढे ठेवी. सकाळी वाटी रिकामी असे. उंदीर की मुंगी, हे ती विचारत नसे.

त्याच दिवसांत तिने एकदा आकड्यावर बोट ठेवलं. निरक्षर बाई. भाकरी थापताना म्हणाली, ‘‘सात वार, तीस तिथी, बारा महिने. ह्येंचा गुनाकार किती व्हतो वो?’’

मामांनी मनात केला. सात तीसे दोनशे दहा. दोनशे दहा गुणिले बारा. पंचवीसशे वीस.

‘‘मला वाटलंच,’’ ती म्हणाली. ‘‘म्हंजी कंच्याबी वारी येऊदे, कंच्याबी तिथीला, कंच्याबी म्हैन्यात. त्येचा वाटा हाये.’’

मामा म्हणाले, मी जन्मभर त्या आकड्याला वाटेकरी शोधत होतो. तिने त्यात वाट शोधली.

रखमा गेली त्याला आता काही श्रावण झाले. तिच्यामागे मामांनी फुटाण्याचा शुक्रवार बंद केला नाही. पूजा बाईची, बुवाने कशी करायची? म्हणून पूजा नाही. तिने शेवटचा लावलेला जिवतीचा कागद भिंतीवर तसाच, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याच्यासमोर परात. ती दोन फुटाणे टाकून परात पुढे सरकवी, ते दोन आता मामाच टाकत आणि तिसऱ्यापासून ‘दोन’ मोजत. चूक माहीत असून ठेवलेली. आणि आता जिवतीसमोर तेही बसत, म्हणून एक वाटा त्यांचा.

लोक थोडे हसत, पण येत. शेजारची सीमा येई, तिची मुलगी श्रेया येई. सीमा एका कचेरीत कामाला, बोलण्यात चटपटीत. ‘‘मामा, दात दोन आणि फुटाणे अडीच हजार, हे गणित कधी सुटणार?’’ म्हणे. श्रेयाने एकदा फोनवर आकडा घालून बघितला आणि सांगितलं, ‘‘आजोबा, पंचवीसशे एकवीस ही मूळ संख्या आहे. तिला भाग जातो फक्त एकाने आणि तिचा तिनेच. दोघंच.’’

‘‘दोघंच?’’ मामा म्हणाले. ‘‘म्हणजे रखमा होती तेव्हाच्या आमच्या खोलीसारखंच की.’’

‘‘आणि पंचवीसशे वीसला अठ्ठेचाळीस विभाजक आहेत.’’

‘‘ती चाळ झाली.’’

एकटेपणाच्या दुपारी मामा आकडा वाढवत बसत. सोळा वाटेकरी आले तर किती लागतील? सात लाख वीस हजार सातशे वीस. तो आकडा त्यांना फार आवडे. सातशे वीस, सातशे वीस. लांबच्या माणसाला दोनदा हाक मारावी तसा.

पण वाटेकरी वाढायच्या दिवसांत नव्हते. चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. कुणी भाडं घेऊन वडाळ्याला गेलं, कुणी वरळीला. शेवंती गावी गेली आणि तिकडेच राहिली. दहाच्या सात झाल्या, साताच्या चार, मग दोन, मग एकट्या सीमाची. आकड्याला काही फरक पडत नव्हता. तो चारांनाही पुरे, दोघांनाही. मामा घाबरले ते सीमा घर सोडून गेली तेव्हा. ओळीत आता ते एकटेच होते, आणि त्यांचीही चावी द्यायचा दिवस ठरला होता, श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारनंतरचा शनिवार.

भीती कसली, ते त्यांनी मला सांगितलं, आणि मला आधी कळलं नाही. म्हणून तुम्हाला नीट सांगतो. पंचवीसशे एकवीस दोघांत वाटले की एक उरतो. तिघांत वाटले तरी उरतो. तो उरलेला राजेशचा. पण माणूस एकटाच असला तर? पंचवीसशे एकवीसला एकाने भागलं की बाकी उरत नाही. सगळेच्या सगळे त्या एकट्याचे. पोराचा वाटा बापाच्या ढिगात जाऊन बुडतो. तेव्हा राजेशचा लाभ राखायचा, तर आणखी एक माणूस तरी उंबरा ओलांडून आत यायला हवं होतं. फक्त एक.

सीमाला फोन केला. ती म्हणाली, ‘‘येते मामा, नक्की येते. सहाच्या आत बघा. श्रेयालापण आणते.’’

मामांनी फुटाणे आणले. दुपारी सतरंजी घातली आणि मोजले. पूर्वीसारखा पुकारा करायला गेले, तर आवाज रिकाम्या खोल्यांत फिरून परत आला. दारं काढून नेलेली, खिडक्यांच्या चौकटी उघड्या. ‘दोन’ म्हटलं की पलीकडून कुणीतरी ‘दोन’ म्हणे. शेवटी ते मनातच मोजू लागले. परात भरली. पंचवीसशे एकवीस.

पाच वाजले. चाळीच्या आवारातून एक पाण्याचा टँकर आला आणि गेला. सहा वाजून गेले तेव्हा सीमाचा फोन आला.

‘‘मामा, सॉरी हां. सासूबाईंना एकदम ताप चढलाय, डॉक्टरकडे घेऊन बसलेय. श्रेया एकटी कशी येणार? रागावू नका ना.’’

‘‘रागावतो कशाला? त्यांना बघ आधी.’’

‘‘उद्या सकाळी येऊ? सामान हलवायला मदत करते.’’

‘‘सकाळी शनिवार गं,’’ मामा म्हणाले.

मग ते जिना उतरून खाली गेले. सावकाश, भिंतीला हात लावत. फाटकावर रखवालदार बसला होता, रामू, नवीनच आलेला, उत्तरेचा.

‘‘रामूभय्या, जरा ऊपर आ ना. पाच मिनिट. प्रसाद है.’’

‘‘चाचा, गेट कैसे छोडूं? साहब का राउंड है. आप नीचे ले आओ ना प्रसाद.’’

‘‘नीचे नहीं चलता. अंदर आके बैठना पडता है.’’

‘‘प्रसाद तो कहीं भी चलता है, चाचा.’’

‘‘हमारी घरवाली का कायदा है,’’ मामा म्हणाले.

रामूने वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. त्या सगळ्या काळ्या खिडक्यांत एकच उजेडाची होती. तो जरा ओशाळला. ‘‘घरवाली ऊपर है? तो वो बैठ जाएगी न आपके साथ.’’

मामा जिन्याकडे वळले. ते परत वर आले.

खोलीत येऊन ते परातीसमोर बसले. उंबऱ्यावर नजर ठेवून बराच वेळ बसले. कुणी येणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. तरी बसले. मग नारळ मोजणारा माणूस, त्याने शेवटचा भागाकार केला. वाटेकरी एक. वाटा पंचवीसशे एकवीस. बाकी शून्य.

ते मला म्हणाले, ‘‘चोरीशिवाय पहिल्यांदाच हिशेब तंतोतंत लागला रे. आणि मला तोच नको होता.’’

त्या ढिगात राजेशचा फुटाणा कुठला, हे आता कसं कळणार? सगळे सारखेच. सगळे आपलेच. परातीत पोर हरवावं तसं झालं. तेव्हा त्यांना रखमाचा आवाज आठवला. भाकरीच्या पिठाच्या हातांनी परात सरकवताना ती म्हणायची तो. आमच्याकडं लाभ हिशेबाभाईर.

मामांनी परात उलटी केली. सगळे फुटाणे सतरंजीवर सांडले. मग रिकामी परात समोर ठेवली, ढिगातला एक फुटाणा उचलला, आणि परातीत टाकण्याआधीच वाटीत ठेवला, जिवतीच्या पिवळ्या कागदापुढे. म्हणाले, ‘‘लाभ.’’

मग दुसरा उचलला. परातीत टाकला. आणि जन्मात पहिल्यांदा, घाटावरच्या त्या माणसाने तोंडाने म्हटलं, ‘‘एक.’’

ते शेवटपर्यंत मोजत गेले. अंधार पडला होता, पण आता आवाज मोठा होता. खालच्या रामूने ऐकला असेल. पंचवीसशे वीस भरले आणि सतरंजी रिकामी झाली. वाटेकरी एक असो की दहा, आता लाभाला धक्का नव्हता. तो बाकी म्हणून उरलेला नव्हता. तो आधीच बाजूला काढलेला होता. वाटेकऱ्यांच्या येण्याजाण्यावर रखमाने पोराचा वाटा कधी ठेवलाच नव्हता. एवढं मान्य करायला मामांना चाळ रिकामी व्हावी लागली.

‘‘हरलो मी,’’ ते मला म्हणाले. ‘‘घाटाखालचीच जिंकली. पण सांगायला ती नव्हती.’’

रात्री आठाच्या सुमाराला सीमाचा परत फोन आला. सासूचा ताप उतरला होता.

‘‘मामा, आलं का हो कुणी?’’

‘‘नाही गं.’’

‘‘अरेरे. मग फुटाणे?’’

‘‘आहेत की. पंचवीसशे वीस. कुटून ठेवतो, गुळाबरोबर खातो. दात किती उरलेत, तुला ठाऊक आहे.’’

‘‘पंचवीसशे वीस? मामा, तुमचे तर नेहमी एकवीस असतात.’’

‘‘तो वेगळा काढला.’’

सीमा म्हणाली, ‘‘बरं केलंत.’’

शनिवारी सकाळी मला हे सांगून होईतो टेम्पो आला. पलंग, पेटी, पिंप, खलबत्ता खाली गेलं. जिवतीचा कागद मामांनी पाणी लावून हळूहळू सोडवायला घेतला, पण तो निघेना, भिंतीचा पोपडा घेऊन फाटला. तेवढा तुकडा त्यांनी घेतला. मग वाटीत बघितलं. दरवर्षी सकाळी वाटी रिकामी असे. पण माणसं गेली तसे चाळीतले उंदीरही गेले होते, मुंग्याही गेल्या होत्या. लाभ वाटीत तसाच होता.

मामांनी तो उचलून सदऱ्याच्या खिशात घातला आणि चावी द्यायला खाली उतरले.